चिकाच्या शोधात सोलापूर

सोलापूरला लोक चादरी आणायला जातात. मी चीक आणायला गेले होते. पुण्यात ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने एकच प्रश्न विचारला, "खरवसासाठी एवढ्या लांब?" सुरुवातीला मी सगळ्यांना नीट समजावून सांगत होते. मग कंटाळा आला आणि "हो, खरवसासाठी" म्हणून मोकळी होऊ लागले. आता जाऊन आले आहे, तर निवांतपणे सांगते.

मी एका प्रयोगशाळेत काम करते. जखम भरते कशी, हा आमचा विषय. विळीवर बोट कापलं की आपण ते तोंडात घालतो आणि विसरून जातो, पण तिथे कडेच्या पेशींची धांदल उडालेली असते. प्रत्येक पेशी आपल्याच आवरणाचा इवलासा तुकडा खुडते, त्यात प्रथिनं आणि निरोप भरते आणि अशी बांधलेली पुडी बाहेर सोडते. ती शेजारच्या पेशीपर्यंत पोचते. मग ती शेजारीण कामाला लागते. कुणी सरकून मोकळी जागा भरते, कुणी एकीच्या दोन होतात, कुणी नव्या रक्तवाहिनीची तयारी करते, कुणी सूज आवरते. पुस्तकात यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. मी पुड्याच म्हणते. त्या इतक्या बारीक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतही नाहीत. मधुमेह झालेल्या माणसात या पुड्यांचा कारभार बिघडतो आणि पायाला झालेली साधी जखम महिनोन्‌महिने उघडी राहते.

गाय व्याल्यावर जे पहिलं दाट पिवळं दूध निघतं, त्या चिकात अशा पुड्या भरपूर सापडतात. त्या वेगळ्या काढून जखमेवर काय करतात, हे आम्ही बघत होतो. जर्सीचा चीक झाला, मुऱ्हा म्हशीचा झाला. आमच्या सरांना तिसरी हवी होती खिलार, कोरड्या मुलखातली काटक गाय. जर्सीचा चीक डेअरीत एका फोनवर मिळाला होता. खिलार गाय लोक बैलासाठी पाळतात, दूध ती वासरापुरतंच देते आणि तिची डेअरी कुठेच नाही. शिवाय चीक पहिल्या धारेचा हवा, कच्चा हवा, काढल्या काढल्या बर्फात ठेवलेला हवा. तापवला की पुड्या फुटतात. महिनाअखेर प्रकल्पाची मुदत संपत होती. खिलार मिळाली नाही तर दोन वर्षांचं काम लंगडं राहणार होतं, आणि ते काम माझं होतं. म्हणून निळी बर्फपेटी मांडीवर घेऊन मी निघाले.

जुळे सोलापूर

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने आधी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आपा, डोस है क्या इसमें? पोलिओ का?" मी नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण रिक्षा मात्र खड्डे चुकवत इतकी जपून चालवली की मी त्याला वाटेल ते समजू दिलं.

शुभांगी माझी वसतिगृहातली मैत्रीण. जुळे सोलापुरात राहते, कॉलेजात मराठी शिकवते आणि अर्ध्या जिल्ह्याला ओळखते. कुणाची गाय कधी व्यायची आहे याची चौकशी तिने पंधरा दिवस चालवली होती. तिच्या स्टाफरूममध्ये म्हणे आता कवितेपेक्षा गाभण गायींवर जास्त चर्चा होते. गेल्या गेल्या तिने फ्रीजरमधले मटार बाहेर काढले आणि माझ्या बर्फाच्या लाद्या आत ठेवल्या. खरी मैत्री यालाच म्हणायचं.

आम्ही देवरुखकडची माणसं. आमच्याकडे चटणी म्हणजे ओलं खोबरं, आणि ती संध्याकाळी वाटून रात्री संपवायची. शुभांगीने ताटात वाढली ती शेंगाचटणी. उखळात कुटून कुटून तेल सुटलेली, लालभडक, आणि महिनाभर टिकणारी. सोबत कडक भाकरी. पापडासारखी मोडायची, वर दही आणि चटणी घालायची. पहिल्या घासाला मी ही काय शिक्षा म्हणून बघत होते, चौथ्या भाकरीला शुभांगीने डबा माझ्यासमोरून उचलला.

दुसऱ्या दिवशी गाईची काही बातमी नव्हती, म्हणून तिने मला शहराच्या पूर्वेकडे टॉवेल घ्यायला नेलं. गल्लीत शिरलं की बोलणं थांबवावं लागतं, इतका मागांचा खडखडाट. दुकानदार बायकोशी तेलुगूत, आमच्याशी मराठीत आणि हमालाशी हिंदीत बोलत होता, आणि तिन्ही भाषांत भाव एकच सांगत होता. आमच्याकडे दोन गावांत खाडी असली तरी बोली बदलते आणि आम्ही एकमेकांना हसतो. इथे एका दुकानात तीन भाषा नांदतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला हे फार आवडलं.

टॉवेल बांधून होतायत तोवर शुभांगीचा फोन वाजला. दुधनीची गाय व्याली होती.

दुधनी

अक्कलकोट मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी. जानेवारीत कणसं भरत आलेली असतात आणि वाऱ्याबरोबर सगळं रान हलतं. आमच्याकडे शेत म्हणजे डोंगराच्या कुशीत शिवलेला तुकडा. इथे नजर जाते तिथपर्यंत एकच शेत आहे असं वाटतं आणि मला आधी थोडं उघड्यावर पडल्यासारखं झालं. मग ते अंगवळणी पडलं आणि मी काच खाली केली.

दुधनीत मल्लम्मांचं घर. शुभांगीच्या एका सहकाऱ्याची आई, साठीची, कपाळावर भस्म, नाकात मोठी चमकी. "बर्री, बर्री," म्हणजे या, या, करत त्या दारापर्यंत आल्या. घरातलं बोलणं कानडीत, आमच्यासाठी तेवढं मराठी. पाणी झालं, चहा झाला. मी पेटी जवळ ओढून बसले होते आणि माझा जीव चिकात अडकला होता. शेवटी न राहवून विचारलं, "चीक ठेवलाय ना काढून?"

"ठिवलाव की," मल्लम्मा म्हणाल्या. "पैल्या धारंचा सगळा तुमच्यासाटीच ठिवलाव. लेकरांना बी हात लावू दिला न्हाय." आणि आत जाऊन त्यांनी एक मोठं झाकलेलं पातेलं आणलं.

झाकण निघालं. आत वड्या पाडलेला, गूळ घातलेला, वेलदोड्याच्या वासाचा, वर किसलेलं खोबरं भुरभुरवलेला खरवस होता. ते लोक त्याला गिण्णु म्हणतात.

माझा चेहरा कसा झाला असेल ते मला शुभांगीच्या चेहऱ्यावरून कळलं. फोनवर तिने स्पष्ट सांगितलं होतं, की पुण्याहून पाहुणी खास चिकासाठी येतेय, पहिला चीक तिच्यासाठी राखा. मल्लम्मांनी तो राखला होता. पण दारात आलेल्या पाहुणीच्या हातात कच्चा चीक द्यायचा, ही कल्पनाच त्यांच्या घरात कुणाला शिवली नव्हती. कच्चा चीक घराबाहेर गेला तर गाईला दृष्ट लागते, तो नेहमी शिजवून, गोड करून द्यायचा, अशी त्यांची रीत. माणूस एवढ्या लांबून येतो तो गोड खायलाच येणार ना!

मला रडू येत होतं आणि खूप रागही आला होता. पण मल्लम्मा वडी हातात धरून उभ्या होत्या. "खावा की, ताई. पैला घास तुमचा."

खाल्ला. आमच्याकडे खरवस वाफवतात तो मऊ, थरथरता असतो. हा घट्ट, चांगला चावून खायचा, गूळ सढळ हाताने घातलेला आणि मागून सुंठेचा हलका ठसका. इतका चांगला खरवस मी आयुष्यात खाल्ला नाही, हे अगदी खरं सांगते. शिजून फुटलेल्या कोट्यवधी पुड्या माझ्या पोटात गेल्या आणि जखमेच्या विज्ञानाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. दुसरी वडी मी स्वतः मागून घेतली.

निघताना मल्लम्मांनी उरलेला गिण्णु डब्यात भरला आणि आग्रहाने माझ्या बर्फपेटीत ठेवला. "थंड ऱ्हातंय की त्यात," म्हणाल्या. पेटी शेवटी उपयोगी पडली. परतीच्या वाटेवर अक्कलकोट आलं आणि आम्ही दोघी एकदम हसायला लागलो ते थांबेना. हसून झाल्यावर मी म्हणाले, तुझ्या चौकशीतली आता एकच गाय उरली. ती गेली की मी रिकामी.

नातेपुतं

उरलेली गाय जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नातेपुत्याच्या बाहेर एका वस्तीवर होती. या वेळी मी शुभांगीला सांगितलं, आपण गाय व्यायच्या आधीच जाऊन बसू.

वस्ती हौसाबाई आणि भिवाजी या धनगर जोडप्याची. दोघं पन्नाशीच्या पुढची. दोन खोल्या, पुढे गोठा, पलीकडे काट्यांच्या कुंपणात मेंढरं, आणि लांबवर शिंगणापूरचा डोंगर. गाय पहिलारू होती, पहिल्यांदाच व्यायची होती. पांढरीशुभ्र, शिंगं मागे जाऊन वर उभी झालेली, आणि डोळ्यांत असा करारीपणा की मी तिला मनातल्या मनात मॅडम म्हणू लागले.

पण आम्ही गाडीतून उतरलो आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या चार बायका कडेवर पोरं घेऊन हजर. निळ्या पेटीचा हा प्रताप. मी पेटी उघडून रिकामी दाखवली तेव्हा एक बाई वैतागून म्हणाली, "मग कशाला मिरवताय वो ती? पोरगं झोपलेलं उठवून आणलं की मी!" मी तिची माफी मागितली. दुसरं काय करणार!

जेवायला हुलग्याचं माडगं. हुलगा म्हणजे आमचा कुळीथ. आमच्याकडे त्याच्या पिठीवर सगळं कोकण मोठं झालं आहे, आणि मला वाटायचं कुळथातलं सगळं आम्हालाच कळतं. हौसाबाईंनी तेच पीठ पातळ शिजवून, त्यात गूळ आणि दूध घालून वाटीत दिलं. मी तिखटाची वाट बघत प्यायले आणि गोड लागलं तेव्हा दचकले. मग वाटी पुढे केली.

जेवताना मी भिवाजींच्या पायाकडे बघायचं टाळत होते. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. ते बाजेवर बसून भाकरी कुस्करत होते आणि त्यांनीच विषय काढला. "बगा की म्याडम, लाजताय कशाला. काटा मोडला व्हता बाभळीचा. एवढुसा. साखर हाय म्हनून ठावंच न्हवतं मला. काटा निगाला, जखम काय मिटंना. बोट कापलं, मग पाऊल, मग ह्यो हितनं."

"वरीसभर पट्ट्या केल्या म्या," हौसाबाई म्हणाल्या. "रोज बगायची, कड सरकली का म्हनून. न्हायच सरकली."

मग त्यांनी मला विचारलं, की चीक नेऊन नेमकं करणार काय. मी पुड्यांची गोष्ट सांगितली. पेशी कशा पुड्या बांधतात, शेजारणीला कशा पोचवतात, त्याने कड कशी सरकते. हौसाबाई ऐकता ऐकता म्हणाल्या, "म्हंजी कालवणाची वाटी शेजारी धाडल्यागत." मी म्हटलं, अगदी तसंच. आणि मी हेही सांगितलं की हे औषध नाही. भिवाजींच्या पायाला याचा काही उपयोग व्हायचा नाही, आणि दुसऱ्या कुणाला कधी होईल हेही आज सांगता येत नाही. दुधनीत आमचं बोलणं अर्धवट पोचलं होतं, इथे मला काही शिल्लक ठेवायचं नव्हतं.

"कळलं," हौसाबाई म्हणाल्या. "देते चीक. कच्चाच देते. पर आधी वासरू, मग तुमी. वासराच्या तोंडचा काडून देनार न्हाय."

मी म्हटलं, कबूल.

सकाळी ऊन वस्तीवर आलं तेव्हा गाय व्याली. कालवड झाली, पांढरी, अंगावर अजून ओल. आईने चाटून चाटून तिला कोरडी केली. कालवड धडपडत उठली, पडली, पुन्हा उठली, आणि कासेला लागली. दोन-चार घोट तिने घेतले तेव्हा हौसाबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघण्यासाठीसुद्धा मी इतकी लांब आले असते. मग त्यांनी माझ्या दोन्ही बाटल्या भरून दिल्या. अर्ध्या अर्ध्या लिटरच्या, हळदीच्या रंगाच्या, इतक्या दाट की बाटली तिरकी केली तरी चीक सावकाश सरकत होता. नातेपुत्यातल्या रसवंतीतून आणलेल्या बर्फात मी त्या खोल पुरल्या आणि झाकण लावलं. शुभांगीने मला मिठी मारली. माझं काम झालं होतं.

आम्ही चहा घेत होतो तेव्हा भिवाजी बाजेवरून ओरडले, "आगं, कालवड बग."

कालवड आडवी झाली होती. मान टाकली होती. वारं बोचरं होतं. हौसाबाईंनी पळत जाऊन तिच्या तोंडात बोट घातलं. "तोंड गार पडलंय," त्या म्हणाल्या. गोणपाट आणलं, अंग चोळलं, तिला उचलून कासेशी नेलं. ती चोखेना. मग पिळून तिच्या तोंडात घालावं म्हणून त्या गाईखाली बसल्या तर गाईने पान्हा चोरला. पहिलारू ती, पोर असं निपचित बघून बिथरली असावी. लाथा झाडू लागली. सडाला हात लावू देईना. हौसाबाईंनी गोंजारलं, भरड्या-पेंडीचं आंबोण पुढे ठेवलं, नाव घेऊन हाका मारल्या. एक थेंब येईना.

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. हे मला नीट सांगायचं आहे. त्या अंगणात लिटरभर चीक होता, तो कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दोघांपैकी एकानेही पेटीकडे मान वळवली नाही. दिलेलं परत मागायचं नाही, ही त्यांची रीत. पोर मरत असलं तरी नाही.

मी पेटीशेजारी उभी होते. दोन वर्षं डोळ्यांसमोर आली, महिनाअखेर आली, सर आले. खोटं कशाला बोलू, मला आधी त्या कालवडीचा रागच आला. मग मी झाकण उघडलं, दोन्ही बाटल्या काढल्या आणि हौसाबाईंसमोर धरल्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एक बाटली घेतली, चहाच्या पातेल्यात पाणी कोमट करून त्यात धरली. दुसरी घेतली नाही.

"ही पण घ्या," मी म्हणाले. "आधी वासरू असं ठरलंय आपलं."

"एक बास हाय."

"आणि नाही पुरली तर?"

"न्हाय पुरली तर न्हाय पुरली." त्यांनी कालवडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटावरून थेंब थेंब तिच्या तोंडात सोडायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघताच त्या बोलत होत्या. "वासरू माझं हाय, म्याडम. आन पाय बी माझ्याच घरातला गेलाय. दोगांचं बी बगाया नको व्हय? ठिवा ती बर्फात. बर्फ इतळंल."

मी भिवाजींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी बाटली बर्फात ठेवली. 

अर्धी बाटली बाहेर सांडली असेल, अर्धी आत गेली. कालवडीने गिळायला सुरुवात केली होती, पण उठली नव्हती. बर्फ फार वेळ दम धरणार नव्हता. "जावा तुमी," हौसाबाई म्हणाल्या. "हितं बसून काय करनार? ऱ्हायली तर कळवते." शुभांगीने मला नातेपुत्याच्या स्टँडवर सोडलं आणि मी पुण्याची एस.टी. पकडली.

त्या प्रवासाचं मला काही आठवत नाही. ऊस, ट्रॅक्टर, आणि दर दहा मिनिटांनी मोबाईल काढून बघणारी मी. शेजारच्या आजोबांनी विचारलं, पेटीत डोस आहे का, तर मी हो म्हणून टाकलं.

इंदापूर मागे पडल्यावर फोन आला. भिवाजींचा. "उबी ऱ्हायली की वो! गाईनं पान्हा बी सोडला. आता ढुसण्या देतीया आईला." मागून हौसाबाई काहीतरी ओरडत होत्या. भिवाजींनी निरोप पोचवला, "म्हनतीया, बर्फ हाय का बगा आजून."

बर्फ होता. मी त्या आजोबांना पिशवीतला दुधनीचा गिण्णु दिला आणि स्वतःही खाल्ला.

पुणं

एक बाटली पुरली. फार नाही, पण पुरली. चिकातून पुड्या वेगळ्या काढल्या. काचेच्या थाळीत माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवल्या होत्या, त्यांच्या थरावर एक बारीक ओरखडा काढला आणि त्यावर त्या सोडल्या. शेजारी दुसरी थाळी, तिच्यात पुड्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या थाळीत दोन्ही कडा एकमेकींना भेटल्या होत्या. दुसरीत अजून मधे मोकळी पट्टी होती. सरांनी तीन-तीनदा बघितलं, मग पुन्हा करायला लावलं, आणि पुन्हा तसंच झालं.

हौसाबाईंना फोन लावल्याशिवाय मला राहवेना.

"मावशी, जखम भरली!"

"भरली?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "कुणाची?"

 मग मी सांगितलं, की तशी कुणाची नाही. काचेच्या थाळीतल्या पेशी, आणि ओरखडाही आम्हीच काढलेला.

"मग आजून कुणाचीच न्हाय की भरली."

"नाही," मी म्हणाले. "अजून कुणाचीच नाही."

"मान्साच्या पायाला कवा लागंल?"

हा प्रश्न मला बऱ्याच मोठमोठ्या लोकांनी विचारला आहे आणि त्यांना द्यायची गुळगुळीत उत्तरं माझ्याकडे आहेत. हौसाबाईंना ती देववेनात. मी म्हटलं, अजून पुष्कळ चीक लागेल, पुष्कळ तपासण्या लागतील, आधी जनावरांवर, मग माणसांवर. मधेच कुठे हे फसूही शकेल. "तुमची कालवड मोठी होऊन व्यायला लागेल, तोपर्यंत तरी नाहीच. तिची दोन-तीन वेतं होतील कदाचित."

  पलीकडून हौसाबाईंचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. त्या अंगणात भिवाजींना सांगत होत्या.

"आवं, ऐकलं का? कालवड इकायची न्हाय बरं का. म्याडमला तिचा चीक लागनार हाय."